दुसऱ्यांचं पिवळं

चाळीस मार्कांच्या बीजगणिताच्या पेपरावर आधी छत्तीस लिहिले होते. मग त्या छत्तीसवर लाल पेनाची काट मारली होती, आणि काटेच्या शेजारी पुजारी सरांच्या वळणदार, फळ्यावर शोभावं अशा अक्षरात एकच शब्द होता. कॉपी.

राजनंदिनीने पेपर उलटा केला, पुन्हा सुलटा केला. वरचं नाव वाचलं. राजनंदिनी मायाप्पा मेटकरी, नववी ब. नाव आपलंच होतं. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथेच मुक्कामाला राहिली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नुकती सुरू झाली होती. अजून वर्गात चिवड्याचा वास होता, पोरं एकमेकांच्या डब्यातल्या शेवटच्या चकल्या मोजत होती. कुणाला अकरा पडले होते, कुणाला चौदा, शेजारच्या बाकावरच्या ज्ञानदाला सदतीस. आणि राजनंदिनीला एक शब्द. पेपर वाटून झाल्यावर सरांनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. ती गेली, म्हणजे चालत गेली असं नाही म्हणता यायचं. तिच्या बुटांचा आवाज ऐकून वाटेतले पाचवीचे दोन पोरगे भिंतीला चिकटले.

आता पुजारी सर कोण, ते सांगायला हवं. वेणीमाधव पुजारी म्हणजे शाळेतले सगळ्यात हौशी मास्तर. आवाज चढवायचे नाहीत, छडीला हात लावायचे नाहीत, पावसापाण्याचीसुद्धा रजा घ्यायचे नाहीत. त्यांना एकच ध्यास होता. आपण शिकवलेलं पोरांना कळलं की नाही, हे त्यांना रोजच्या रोज कळायला हवं असायचं. आणि ते ओळखायचे त्यांनी इतके प्रकार काढले होते की पोरांचे न कळण्याचे प्रकार कमी पडले. आठवीत असताना त्यांनी अंगठा काढला. कळलं तर वर, नाही तर खाली. मागच्या बाकांचे अंगठे आडवेच राहायला लागले. मग बिस्किटाचा रिकामा डबा आला. तास संपताना प्रत्येकाने एक ओळ लिहून त्यात टाकायची, आज मी काय शिकलो. पोरं लिहायची, आज सरांचा शर्ट छान आहे. मग शेजाऱ्याने शेजाऱ्याची वही तपासायची असं ठरलं. त्या महिन्यात आख्ख्या वर्गाचं एकही गणित चुकलं नाही, कारण शेजाऱ्याशी कोण वाकडं घेणार.

मग नववीच्या जूनमध्ये सर कुठलंसं प्रशिक्षण करून आले आणि कार्डं आली. प्रत्येकाला तीन. हिरवं म्हणजे कळलं, पिवळं म्हणजे थोडं कळलं, लाल म्हणजे काहीच नाही. तास संपायच्या आधी सर म्हणायचे, कार्ड, की सगळ्यांनी आपापलं हात उंच करून धरायचं. सर मोबाईलवर वर्गाचा फोटो काढायचे. मोठी सोय झाली, असं त्यांना वाटलं.

खरं म्हणजे सरांचा हेतू सोन्यासारखा होता. एक जरी लाल दिसलं तरी ते पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे. पण गणिताचा तास यायचा नेमका मधल्या सुट्टीच्या आधी. लाल दिसलं की सुट्टी गेली. डबा गेला, कबड्डी गेली, गेटवरचे चिंच-बोरवाले बघणंसुद्धा गेलं. पहिल्या आठवड्यातच वर्गाचा मॉनिटर सोमेश उठला, बाकाबाकावर फिरला आणि सगळ्यांची लाल कार्डं गोळा करून त्यांची जाड गड्डी केली. खिडकीजवळचं बाक फार डुगडुगायचं. त्याच्या पायाखाली गड्डी सरकवली. बाक डुगडुगायचं थांबलं आणि नववी ब मध्ये कुणाला काही न कळण्याचा प्रश्नच मिटला.

दोन दिवस नुसतं हिरवंगार. तिसऱ्या दिवशी सरांनी भुवया उडवल्या, म्हणाले, सगळंच कळलं, मग काढा कागद. असा अचानक पेपर बसला की पोरांचे चेहरे पिवळे पडले. तिथून सोमेशला अक्कल आली. थोडं पिवळं लागतंच. भाजीत मीठ लागतं तसं. मग त्याने बाकांप्रमाणे नंबर लावले. दोन दिवस या बाकाचं पिवळं, पुढचे दोन दिवस त्या बाकाचं.

सगळं झकास चाललं असतं. पण पिवळं दाखवणाऱ्याला सर उभं करायचे आणि प्रेमाने विचारायचे, बाळ, नेमकं कुठलं कळलं नाही?

निंगव्वाचा नंबर आला तेव्हा ती उभी राहिली आणि उभीच राहिली. निंगव्वा दुधनीची. घरी कानडी, शाळेत मराठी, गणितात दोन्ही नाही. वर्गात ती इतकी गप्प असायची की हजेरीला तिचं नाव आलं की नवीन मुलगी आली का म्हणून लोक वळून बघायचे. सर म्हणाले, सांग ना, कुठपर्यंत कळलं? ती फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिली आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरं हसली. राजनंदिनी हसली नाही. दुसऱ्या दिवशीही त्याच बाकाचा नंबर होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा राजनंदिनीने मागे वळून निंगव्वाच्या हातात आपलं हिरवं कोंबलं आणि तिचं पिवळं आपण घेतलं.

सर म्हणाले, हं राजनंदिनी, कुठलं कळलं नाही? ती खणखणीत आवाजात म्हणाली, सर, दोन समीकरणांची वजाबाकी केली तर चालते म्हणता, पण का चालते? सर इतके खूष झाले की सुट्टी व्हायच्या आत तीन उदाहरणं देऊन मोकळे झाले.

झालं. त्या दिवसापासून वर्गाला पिवळ्याचं कंत्राट द्यायला माणूस मिळाला. ज्याचा नंबर यायचा तो आदल्या दिवशीच तिच्याकडे यायचा, राजे, उद्याचं बघ की जरा. ती बघायची. तिला मजाच यायची. सांगोल्याच्या बाजूच्या एका वाडीतून दीड वर्षापूर्वी ती सोलापुरात मामाकडे शिकायला आली, तेव्हा वर्गात तोंड उघडायची तिला चोरी वाटायची. ती न्हाय म्हणाली की कुणीतरी मागून न्हाय म्हणायचं. आणि आता तीच रोज उभी राहून सरांना अडवत होती आणि सगळा वर्ग श्वास रोखून ऐकत होता. पण शंका काय झाडाला लागते? खरी वाटेल अशी शंका काढायची तर धडा आदल्या दिवशी नीट वाचायला लागायचा. गणित सोडवून बघायला लागायचं, कुठे पाय घसरतो ते शोधायला लागायचं. दुसऱ्यांचं न कळलेलं स्वतःच्या तोंडाने मांडता मांडता तिचं बीजगणित असं काही पक्कं झालं की छत्तीस मार्क हे तिला कमीच वाटले असते.

तर ही सगळी हकीकत. आणि आता शिक्षकांच्या खोलीत सर तिला मोबाईल दाखवत होते. रोजचे फोटो. त्या फोटोंवरून त्यांनी एक तक्ता केला होता, प्रत्येकाच्या नावापुढे रोजचा रंग. सगळा तक्ता शेतासारखा हिरवा, आणि मध्ये राजनंदिनी मेटकरी ही एक ओळ, हळदीने माखल्यासारखी.

सर रागावलेले नव्हते. दुखावलेले होते, आणि तेच तिला जास्त झोंबलं. ते म्हणाले, तुला मदत लागते हे मला माहीत होतं, मी तुला कधी कमी लेखलं नाही. पण रोज पिवळं दाखवणारी मुलगी एकदम छत्तीस कशी आणते? आणि शेजारी ज्ञानदा. रोज हिरवं. सदतीस.

तिने सांगितलं की सर, आमच्या दोघींची रीत वेगळी आहे, शेवटचं गणित तर तिने एका चलाने सोडवलंय आणि मी दोन चलांनी, बघा तरी. सर म्हणाले की कॉपी करणाऱ्याला रीत बदलून लिहायची अक्कल असतेच. ती म्हणाली, आत्ता गणित घाला, इथेच सोडवते. सर म्हणाले की एका गणिताने काय सिद्ध होतं, रोजची नोंद ही खरी नोंद. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आता जे बोलायचं होतं ते एकटीचं नव्हतं.

शनिवारी वडिलांना घेऊन ये, असं सर म्हणाले आणि दुसऱ्या वर्गाचा पेपर हातात घेतला.

तिथे मात्र राजनंदिनीचा राग जागच्या जागी थिजला, कारण त्याच्या आत भीती शिरली. मार्क गेले तर गेले. पण अण्णा येतील. अण्णा म्हणजे तिचे वडील. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडले होते आणि सध्या मोडनिंबच्या बाजूला कुणाच्या तरी रानात खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, बसवून होते. फोन लागला तर लागला. अण्णा येतील आणि हात जोडतील. शाळेत नाव घालताना त्यांनी हेडमास्तरांना हात जोडले होते, क्लार्कला जोडले होते, पाणी घेऊन आलेल्या शिपायालाही जोडले होते. शाळेच्या दारात उभा असलेला प्रत्येक माणूस अण्णांना साहेबच वाटायचा. आणि सर म्हणाले पोरीने चोरी केली, तर अण्णा विचारणार नाहीत की खरं का. ते आधी माफी मागतील. न केलेल्या चोरीची माफी तिचा बाप तिच्यासमोर मागेल, आणि ती ते बघत उभी राहील. हे व्हायला नको होतं. दुसरं काहीही चाललं असतं.

मधल्या सुट्टीत सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. आधी तिला बरं वाटलं. मग कळलं की हे लोक तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी आलेत. सोमेशने आवाज खाली आणून सांगितलं की हे बघ, तू जर नंबरांचं सांगितलंस तर सर सगळ्यांची प्रगतिपुस्तकं लाल करतील, आणि सुट्टी तर वर्षभराची गेली. कुणी म्हणालं, एवढं काय, पुढच्या परीक्षेत भरून काढ. कुणी म्हणालं, तुला तर येतंच सगळं. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. हीच तोंडं काल-परवापर्यंत राजे राजे करत मागे फिरत होती.

सगळ्यात मोठा घाव घातला ज्ञानदाने. ज्ञानदाचे वडील सरकारी कचेरीत, आई गाण्याच्या शिकवण्या घ्यायची, घरात सगळं हळू आवाजात चालायचं. दोघी दीड वर्ष एका बाकावर, एका डब्यात. ज्ञानदाने तिला हाताला धरून नळापाशी नेलं आणि फार समजूतदारपणे म्हणाली, "राजू, माझं ऐक. तू म्हण ना की एक गणित माझ्यात बघितलं. मी सरांना सांगते की माझी काही तक्रार नाही. ते लगेच सोडून देतील."

"मी काय केलं म्हणून तू तक्रार करणारेस?"

"अगं, मी तुला माफ केलं असं म्हणायचं फक्त."

राजनंदिनीने हात सोडवून घेतला. नळ चालू होता तो बंद केला, इतका जोरात की पुढच्या पोरीला तो उघडेना. ज्ञानदाला ती एवढंच म्हणाली, "तुझ्या पिवळ्याचा नंबर किती वेळा आला होता, आठवतंय का?" ज्ञानदाने खाली बघितलं. आठवत होतं.

घरी मामालाही तेच. बापूसाहेब मामा एसटीत कंडक्टर. दिवसभर लोकांशी भांडून घरी आल्यावर त्यांना कुणाशीच भांडायचं नसायचं. तिने सगळं सांगितलं, अगदी बाकाखालच्या लाल गड्डीसकट. मामांनी ऐकलं, आणि म्हणाले की सर म्हणतायत म्हणजे काहीतरी असेल की. मामी म्हणाली, मोठ्यांपुढं पडतं घ्यावं. मग मामांनी अण्णांना फोन लावला. लागायला नको तेव्हा फोन बरोबर लागतो. पलीकडून मेंढरांचं बें बें ऐकू येत होतं आणि अण्णांचा आवाज, व्हय, व्हय, येतो की, शनवारी सकाळच्याला येतो. काय झालं म्हणून त्यांनी विचारलंही नाही. सरांनी बोलावलंय एवढं त्यांना पुरलं.

दोन दिवस ती वर्गात कुणाशी बोलली नाही. पिवळ्यासाठी कुणी विचारायला आलं तर ती अशी बघायची की ते पेन मागायला आल्यासारखं करून परत जायचं. ते दोन दिवस सर पेपरातली गणितंच सोडवून दाखवत होते, म्हणून कार्डं निघालीच नाहीत. राग आला की माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात. तिचं उलट झालं. तिला आता सगळं लखलखीत दिसायला लागलं. सरांना कळलं की नाही एवढंच हवं होतं. कसं कळलं, कुणाला कळलं, न कळणाऱ्याला कशाची भीती वाटते, हे त्यांनी एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं. समोर रंग आला की त्यांचं काम झालं. आणि वर्गाने त्यांना हवा तो रंग पुरवला. दोघांचं छान जमलं होतं. मधल्या मध्ये ती भरडली गेली.

शनिवारी सकाळची शाळा. पुजारी सरांचा तास नेहमीसारखा सुट्टीच्या आधी. सर शिकवत होते, आणि खोटं कशाला बोला, चांगलं शिकवत होते. तास संपत आला. सर म्हणाले, कार्ड.

हात वर गेले. राजनंदिनीचाही गेला. हिरवं.

वर्गात एक कुजबूज इकडून तिकडे सरकली. आज पिवळं कुणाचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. ती दाखवेल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सगळा वर्ग एकसारखा हिरवा. सरांनी मोबाईल वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"राजनंदिनी, आज तुलाही कळलं?"

"मला रोजच कळतं सर."

"मग रोज पिवळं का दाखवायचीस?"

सोमेशचं बाक तिच्या डावीकडे. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण त्याचा एक कान तिच्याकडे होता, तांबडालाल. तिला वाटलं, एक शब्द आणि संपेल. नंबर कसे लागले, गड्डी कुठे आहे, कोणाकोणाचं पिवळं कोणत्या दिवशी तिने घेतलं, सगळं तिच्या जिभेवर होतं. तिला आयुष्यात इतकं बोलावंसं कधी वाटलं नव्हतं. पण तिला त्यांची नावं घ्यायची नव्हती. त्यांनी ती आपण होऊन द्यायला हवी होती. ती कशाला चोरांची वकिली करेल आणि कशाला चुगली?

"ते माझं नव्हतंच सर," ती म्हणाली. "ज्यांचं होतं त्यांना विचारा."

सरांनी वर्गावरून नजर फिरवली. कुणी उठलं नाही. ज्ञानदा वहीत काहीतरी खोडत होती, जे लिहिलेलंच नव्हतं. कुणी खोकलं. राजनंदिनी उभी होती आणि तिला जाणवत होतं की हे लोक असेच बसणार आहेत. अण्णा एव्हाना एसटी स्टँडवर उतरले असतील आणि हे लोक असेच बसून राहणार आहेत. तिला समोरचं बाक लाथेने उलथवावंसं वाटलं.

मागच्या बाकाचा आवाज झाला. निंगव्वा उभी राहिली होती. हजेरीशिवाय तिचा आवाज वर्गाने वर्षभरात ऐकला नव्हता.

"माझं होतं सर."

"काय तुझं होतं?"

"पिवळं. खरं तर लालच. मला जूनपासनं काय कळंना झालंय."

सर दोन पावलं पुढे आले. त्यांनी विचारलं की मग हिरवं का दाखवायचीस. रागाने नाही, खरोखर न कळून विचारलं.

निंगव्वाने ओठ पुसले. "तुमी विचारताव, नेमकं कुठलं कळलं न्हाय ते सांग. ते सांगता आलं असतं तर मला कळलंच असतं की सर. मला सुरुवातच कळंना. ते कसं सांगू? म्हणून ही उभी राहायची. हिला कळायचं म्हणून हिला विचारता यायचं."

सरांनी मोबाईल खाली घेतला. त्यांनी पुन्हा वर्गाकडे बघितलं, यावेळी हातांकडे नाही, तोंडांकडे. मग सोमेश उठला. त्याच्या मागून आणखी एकदोघं. बाकीचे बसून राहिले, पण हिरवी कार्डं मात्र एकेक करून बाकांवर उतरली. सोमेश पुटपुटला की सर, सगळ्यांचंच ती दाखवायची, आम्हीच नंबर लावले होते. ज्ञानदा उठली नाही. तिचं खोडणं चालूच होतं.

सर टेबलापाशी गेले. खुर्चीत बसतील असं वाटलं, पण ते नुसते खुर्चीला धरून उभे राहिले. रोजची नोंद ही खरी नोंद, असं म्हणणारा माणूस आपल्याच मोबाईलकडे बघत होता. राजनंदिनीला वाटलं होतं की या क्षणी तिला गार वाटेल. वाटलं नाही. इतकी सोपी गोष्ट बाहेर काढायला निंगव्वासारख्या पोरीला उभं राहावं लागलं, याने तिचा राग उलट वाढला.

"पेपर आण तुझा," सर तिला म्हणाले. ती देणार एवढ्यात शिपाई दारात आला. मेटकरीचे पालक आलेत.

सर बाहेर गेले. राजनंदिनी पेपर हातात धरून खिडकीपाशी आली. अण्णा व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली उभे होते. पायांतल्या वहाणा त्यांनी आधीच काढून एका बाजूला ठेवल्या होत्या. सदरा नवा होता, दिवाळीचा, घड्या न मोडलेला. सर दिसले तसे त्यांचे हात जोडले गेले. सर अजून पुरते जवळही पोचले नव्हते. सर काहीतरी म्हणाले. अण्णांची मान खाली गेली, हात तसेच. सर पुन्हा काहीतरी म्हणाले, आणि अण्णांची मान आणखी खाली गेली. कान सरांच्या बोलण्याकडे नव्हतेच त्यांचे. त्यांना माहीत होतं की सर काय म्हणणार, आणि त्यांना माहीत होतं की आपण काय करायचं.

राजनंदिनीने कुणाला विचारलं नाही. दारातून बाहेर पडली, व्हरांडा ओलांडला आणि पायऱ्या उतरताना तिला अण्णांचा आवाज ऐकू आला. "ल्हान हाय सर ती. पोरीची चूक पोटात घाला. पुन्ना न्हाय करणार."

तिने त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि हात खाली ओढले.

"अण्णा, हात खाली घ्या. सर काय म्हणतायत ते आधी ऐका."

"आगं, काय करतीस? सरांच्या म्होरं..."

"ऐका म्हणते की."

अण्णा घाबरून सरांकडे बघायला लागले. आता मागच्या खिडक्यांत डोकी जमली होती. सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले की मेटकरी, जरा गैरसमज झाला होता.

"गैरसमज न्हाय सर," राजनंदिनी म्हणाली. वर्गातली घासून पुसून घेतलेली भाषा कुठे गेली ते तिला कळलंही नाही. "पेपरवर तुमी काय लिवलंय ते सांगा त्यास्नी." आणि तिने पेपर पुढे धरला.

सरांनी पेपर घेतला. त्या वळणदार शब्दाकडे बराच वेळ बघितलं. मग खिशातलं पेन काढून पेपर गुडघ्यावर ठेवला, तो शब्द खोडला आणि छत्तीस पुन्हा लिहिले. तसेच वाकलेले असताना म्हणाले, "मी लिहिलं होतं की हिने कॉपी केली. तिने केली नव्हती. मी नीट बघितलं नाही. चूक माझी."

अण्णांनी ते ऐकलं. लांबून आलेली हाक कुठल्या बाजूची ते ओळखत असल्यासारखी त्यांनी मान तिरकी केली. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे हिनं काय बी केलं न्हाय."

"नाही."

"मार्क हिचंच."

"तिचेच. छत्तीस. चाळीसपैकी."

अण्णांनी लेकीकडे बघितलं. मग पायांत वहाणा घातल्या, एक, मग दुसरी, सावकाश. आणि ताठ उभे राहिले. ते सरांपेक्षा वीतभर उंच आहेत हे राजनंदिनीच्या आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मग सर," ते म्हणाले, "तितं लांडग्याचं भ्या हाय, कोकरं ल्हान हायती. समदी मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर टाकून पहाटंच्या गाडीनं आलो मी. ते कशापायी?"

सर म्हणाले की त्याचं असं झालं, आम्ही रोज वर्गात कार्डं दाखवतो, मुलांना किती कळलं ते बघायला. मोबाईल त्यांनी खिशातून अर्धा काढला आणि परत ठेवला. ते तिच्याकडे बघायला लागले, जणू याही वेळी ती उभी राहून काहीतरी विचारेल आणि त्यांची सुटका होईल.

ती अण्णांच्या बाजूला सरकून उभी राहिली. मधल्या सुट्टीची घंटा झाली. वर्गातून कुणी बाहेर पडलं नाही. अण्णा वाट बघत उभे होते, हात बाजूला, मान वर.

"सांगा की सर," ते म्हणाले.